पाणी, माती आणि झाडांच्या कामात उतरताय? मराठवाड्यातल्या पोरापोरींसाठी सुरुवातीची वाट

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा मी दहावीची परीक्षा देऊन घरी होते. आमचं गाव अंबाजोगाई तालुक्यात, बालाघाटाच्या उतारावर. पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा त्याच उन्हाळ्यात तीन तालुक्यांत झाली, त्यात आमचाही तालुका होता. आईबरोबर मी पहाटे टेकडीवर जायचे आणि घमेली वाहायचे. चर कशासाठी खणतात, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पुढं कॉलेजात दोन वर्षं राष्ट्रीय सेवा योजना केली, एका रोपवाटिकेत काम केलं, शासनाच्या विद्यावेतनावर प्रशिक्षण घेतलं. आता पाणलोटाच्या कामावर क्षेत्रकार्यकर्ती आहे. दर उन्हाळ्यात ओळखीतली पोरंपोरी फोन करतात. नाव कुठं नोंदवायचं, पैसे मिळतात का, पुढं नोकरी लागते का, हेच सगळ्यांचे प्रश्न. त्यांची उत्तरं इथं क्रमानं लिहिते.

## १. आधी ठरवा: सेवा, शिक्षण की मजुरी

श्रमदानात पैसे नसतात. प्रशिक्षणात विद्यावेतन मिळतं, पण ते पगाराइतकं नसतं. रोजगार हमीत मजुरी मिळते, पण तिथं तुम्हाला शिकवायला कुणी बसलेलं नसतं. पोरं हे तिन्ही एकत्र धरतात आणि मग नाराज होतात.

घरची परिस्थिती ओढाताणीची असेल तर विनामोबदला शिबिराला महिनाभर जाऊ नका. आधी मजुरीचं काम धरा आणि तिथंच डोळे उघडे ठेवून शिका. कॉलेज चालू असेल तर सेवा योजना धरा. शिक्षण संपवून घरी बसला असाल तर विद्यावेतनाचा मार्ग बघा.

## २. दारं कोणकोणती आहेत

राष्ट्रीय सेवा योजना. १९६९ पासून चालू आहे. वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षांत २४० तासांचं काम आणि सात दिवसांचं एक विशेष शिबिर. हे दोन्ही पूर्ण झाल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. नोंदणी प्रवेशाच्या दिवसांतच होते, त्यामुळं जुलै-ऑगस्टमध्येच कार्यक्रम अधिकारी सरांना किंवा मॅडमना गाठा. शिबिर कुठल्या गावात घ्यायचं, याची चर्चा आधी होते. त्या चर्चेत बसा आणि जलसंधारणाचं काम सुचवा. नाहीतर सात दिवस गाव झाडण्यात जातात.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. २०२४ मध्ये सुरू झाली, वयाची अट १८ ते ३५. बारावी झालेल्यांना महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. मुदत आधी सहा महिने होती, नंतर ती वाढवली. नोंदणी महास्वयं संकेतस्थळावर होते. अर्ज करण्याआधी योजनेचा ताजा शासन आदेश वाचा, कारण मुदत आणि अटी बदलतात. माती-पाण्याचंच काम शिकायचं असेल तर ग्रामपंचायत, कृषी, वन किंवा मृद व जलसंधारण विभागाच्या जागा निवडा. प्रशिक्षण संपलं की कायम नोकरी मिळेल असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

रोजगार हमी. १९७२ च्या दुष्काळातल्या कामांमधून ही योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये महाराष्ट्रानं तिचा कायदा केला. आपल्या आजी-आजोबांनी पाझर तलावावर आणि रस्त्यावर खडी फोडली, ती याच कामांवर. वय १८ पूर्ण हवं. कामाची मागणी तोंडी करू नका. लेखी द्या आणि तारखेची पोचपावती मागून घ्या. मजुरीचा चालू दर आणि नियम ग्रामरोजगार सेवकाकडून समजून घ्या.

वन विभागाची कामं. नायगाव मयूर अभयारण्य, जायकवाडी पक्षी अभयारण्य, येडशी रामलिंग घाट, गौताळा ही सगळी आपल्याच भागातली. अनेक अभयारण्यांत वैशाखात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळ मचाणावर बसून प्राण्यांची नोंद घेतात. त्यासाठी जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात महिनाभर आधी अर्ज द्या. एका रात्रीचंच काम आहे, पण वनरक्षक आणि वनपालांची ओळख होते आणि पुढच्या कामांची खबर तिथूनच मिळते.

गावाची जैवविविधता समिती. २००२ च्या कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत ही समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. ग्रामसेवकाला ती नोंदवही दाखवायला सांगा. बऱ्याच ठिकाणी ती कपाटात पडून असते. तुमच्या गावातली झाडं, गवतं, पक्षी, जुन्या बियाण्यांचे वाण यांची माहिती म्हाताऱ्या माणसांकडून गोळा करून ती पुढं नेता येते.

प्रादेशिक सेनेच्या पर्यावरण बटालियनची चौकशी बरेच जण करतात. तिथली भरती मुख्यतः माजी सैनिकांची असते, कॉलेजच्या पोरांनी त्यामागं वेळ घालवू नये.

## ३. कागदपत्रं

एका फाईलमध्ये लावून ठेवा, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स काढा:

- आधार कार्ड
- रहिवासी दाखला (सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून)
- दहावी, बारावी, पदवीच्या गुणपत्रिका
- शाळा सोडल्याचा दाखला
- बँक पासबुकाचं पहिलं पान
- पासपोर्ट आकाराचे सहा फोटो
- जातीचा दाखला, लागू असेल तर
- रोजगार हमीसाठी जॉब कार्ड
- शिबिरासाठी रक्तगट आणि घरच्यांचा फोन नंबर लिहिलेला कागद

सगळ्यात जास्त पोरं दोन ठिकाणी अडकतात. पहिलं, नावातला फरक. आधारवर वडिलांचं नाव एका पद्धतीनं, गुणपत्रिकेवर दुसऱ्या पद्धतीनं. मुलींच्या बाबतीत लग्नानंतरचं नाव. अर्ज भरण्याआधी महिनाभर हे दुरुस्त करा.

दुसरं, बँक खातं. खात्याला आधार नंबर दिलेला असणं वेगळं आणि शासनाचे पैसे आधारवरून नेमक्या त्याच खात्यात पडणं वेगळं. दोन-तीन बँकांत खाती असतील तर पैसे भलत्याच खात्यात जातात. माझे पहिले दोन हप्ते शाळेत असताना उघडलेल्या आणि पुढं बंद पडलेल्या खात्याकडं गेले. ते मिळवायला चार महिने चकरा माराव्या लागल्या. बँकेत जाऊन विचारा, "माझं डीबीटी कुठल्या खात्याला जोडलंय?" उत्तर तोंडी घेऊ नका, स्क्रीनवर बघून घ्या.

## ४. हो म्हणण्याआधी हे विचारा

काम कुणाच्या जमिनीवर आहे? गायरान, वनजमीन की खासगी शेत? परवानगी आहे का? राहण्याची, संडासाची, पिण्याच्या पाण्याची सोय काय? मुलींसाठी वेगळी खोली आणि सोबत बाई कार्यकर्ती आहे का? अपघात झाला तर विमा किंवा दवाखान्याचा खर्च कोण करतं? शिकवणारं कोण आहे आणि त्यांनी स्वतः किती कामं केलीत?

नोंदणीच्या नावाखाली मोठी रक्कम मागणाऱ्यांपासून लांब राहा. बारावीनंतर मी एका शिबिरासाठी आईनं साठवलेले दीड हजार रुपये भरले. तीन दिवस भाषणं झाली, बॅनरपुढं फोटो झाले, हातात गुळगुळीत प्रमाणपत्र आलं. कुदळ एकदाही हातात आली नाही. ते प्रमाणपत्र पुढं कुठल्याही मुलाखतीत कुणी विचारलं नाही. आईचे पैसे गेल्याचं मला आजही वाईट वाटतं.

## ५. सोबत काय न्यायचं

पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, उपरणं किंवा स्कार्फ, मजबूत बूट, पाण्याच्या दोन बाटल्या, मीठ-साखर, हातमोजे, टॉर्च. चप्पल घालून कुदळ चालवू नका. कुदळ, टिकाव, फावडं, पहार, घमेली बहुतेक ठिकाणी मिळतात, पण दांडा हलतोय का हे वापरण्याआधी बघा. दांड्यातून निसटलेल्या कुदळीनं जखमी झालेला मुलगा मी पाहिलाय.

एप्रिल-मेमध्ये काम सूर्य उगवण्याआधी सुरू करा आणि साडेदहापर्यंत थांबवा. कुणाचं डोकं दुखायला लागलं, घाम यायचा थांबला किंवा बोलणं अडखळायला लागलं तर लगेच सावलीत न्या, अंगावर पाणी मारा, १०८ ला फोन करा. दगड उचलताना आधी पहारीनं उलटवा, मगच हात घाला. आमच्या टेकड्यांवर दगडाखाली विंचू हमखास असतो.

## ६. पहिलं कौशल्य: समपातळी काढायला शिका

अर्जाची माहिती कुठंही मिळेल. हा टप्पा मात्र नीट वाचा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

टेकडीवर चर खणतात तो उताराला आडवा आणि संपूर्ण लांबीत एकाच पातळीवर असावा लागतो, म्हणून त्याला सलग समतल चर म्हणतात. मी पहिल्यांदा गटप्रमुख झाले तेव्हा नजरेनंच रेषा मारली. दिसायला सरळ होती. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला तसं सगळं पाणी चराच्या एका टोकाला गोळा झालं, तिथं भराव फुटला आणि खालच्या रानात घळ पडली. ज्यांचं रान होतं ते काका मला काहीच बोलले नाहीत. नुसते घळीपाशी उभे राहिले.

नजर फसते. त्यासाठी ए-फ्रेम वापरतात आणि ती घरच्या काठ्यांची बनते.

दोन सारख्या लांबीच्या सरळ काठ्या घ्या, साधारण सात फूट. वरची टोकं एकत्र घट्ट बांधा, खालची टोकं पसरवा. मध्यावर तिसरी काठी आडवी बांधा. वरच्या जोडातून दोरी सोडा आणि तिच्या टोकाला दगड बांधा. दोरी आडव्या काठीला ओलांडून खाली लोंबली पाहिजे.

आता खूण करायची. जमिनीवर दोन ठिकाणी खुंट्या ठोका आणि त्यांवर दोन्ही पाय ठेवा. दोरी आडव्या काठीवर जिथं येते तिथं कोळशानं रेघ ओढा. मग फ्रेम फिरवून पायांची अदलाबदल करा, त्याच खुंट्यांवर ठेवा आणि पुन्हा रेघ ओढा. दोन रेघांच्या बरोबर मधोमध तिसरी रेघ काढा. दोरी त्या तिसऱ्या रेघेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. वारा असेल तर दगड स्थिर होईपर्यंत थांबा, घाई करू नका.

टेकडीवर एक पाय खुंटीवर ठेवायचा आणि दुसरा उतारावर वर-खाली सरकवत दोरी मधल्या रेघेवर आणायची. तिथं फक्की टाका. मग तो पाय तिथंच ठेवून पहिला पुढं फिरवा. अशा फक्कीच्या खुणा जोडल्या की रेषा टेकडीच्या अंगानं वळत जाते. ती सरळ दिसत नाही आणि दिसूही नये.

चराचं सर्वसाधारण माप ६० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल. माती उताराच्या खालच्या बाजूला टाकायची, पण काठापासून फूटभर जागा सोडून, नाहीतर पहिल्या पावसात ती परत चरात येते. काम नेहमी माथ्यापासून सुरू करून पायथ्याकडं न्यायचं. खालचा नाला आधी खोल करून वरची टेकडी उघडी ठेवली की वरची माती वाहून येऊन नाला भरतो. असे नाले मी आमच्याच तालुक्यात पाहिलेत.

हिशोबही शिकून घ्या. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. वरच्या मापाचा एक मीटर चर एका भरण्यात १८० लिटर अडवतो, दहा मीटरचा १,८०० लिटर. हे गणित तोंडपाठ असलं की ग्रामसभेत तुमचं म्हणणं लोक ऐकतात. रोजगार हमीच्या कामावर मजुरी मोजमापावर ठरते. टेप धरता येणारी आणि घनमीटर काढता येणारी एक मुलगी गटात असेल तर मजुरांचा पैसा बुडत नाही. माझ्या आईला मोजमाप पुस्तिकेतले आकडे वाचता येत नव्हते. आता मी वाचून दाखवते.

## ७. झाडं: दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंतचं काम

जुलैत रोपं लावणं सोपं असतं. पण आपल्याकडं दसऱ्यानंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं आणि पाडव्याच्या आसपास परततं. रोपाला जेव्हा पाणी लागतं तेव्हा घालायला माणूसच नसतो. त्यामुळं लागवडीआधी पहिला प्रश्न हा विचारा: डिसेंबर ते मे पाणी कोण घालणार? नाव लिहून घ्या. जितकी नावं मिळतील तितकीच झाडं लावा. पाचशे लावून वीस जगवण्यापेक्षा साठ लावा.

रोपं शक्यतो स्वतः तयार करा, त्यातच खरं शिक्षण आहे. कडुनिंबाचं बी दोन-तीन आठवड्यांत उगवण गमावतं, म्हणून लिंबोळ्या पिकून गळाल्या की गर काढून, सावलीत सुकवून लगेच पिशवीत लावा. चिंचोके रात्रभर पाण्यात भिजवा. बाभळीच्या बियांचं कवच कठीण असतं. शेळ्यांच्या वाड्यातून लेंड्यांबरोबर पडलेलं बी गोळा करा, ते चांगलं उगवतं. हे मला एका धनगर आजींनी शिकवलं.

त्याच आजींनी दुसरीही गोष्ट ऐकवली. आम्ही गायरानात लागवड करून चराईबंदीची पाटी लावली, तेव्हा त्या म्हणाल्या, "पोरी, झाडं लाव की. पर आमच्या शेरडांनी पावसाळ्यात जायचं कुठं, ते बी लिव्ह त्या पाटीवर." आम्ही पाटी काढली, बैठक घेतली आणि गायरानाचा एक भाग चराईला मोकळा ठेवला. कुंपणाला बोराटीच्या काट्याही आजींच्याच घरच्यांनी आणून दिल्या.

मुरमाड टेकडीवर कडुनिंब, बाभूळ, हिवर, बोर, सीताफळ, करंज तग धरतात. गुलमोहर, सुबाभूळ फुकट मिळतात म्हणून लावू नका. लावल्यावर आळं करा आणि सोयाबीनचं भुसकट किंवा तुराट्यांचा चुरा पसरा. बुडाला भोक पाडून वात घातलेलं जुनं मडकं रोपाशेजारी पुरलं तर एकदा भरलेलं पाणी कितीतरी दिवस झिरपत राहतं.

## ८. नोंदवही ठेवा

शंभर पानी वही घ्या. रोज पाच ओळी: तारीख, ठिकाण, काय काम, किती मीटर किंवा किती रोपं, अडचण काय आली. महिन्यातून एकदा त्याच जागेवरून, त्याच दिशेला तोंड करून फोटो काढा. पावसाळ्याआधी आणि नंतर शेजारच्या विहिरीची पाणीपातळी दोरीनं मोजून लिहा. किती रोपं मेली हेसुद्धा लिहा. वहीच्या शेवटी काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याची सही घ्या.

सध्याच्या कामाच्या मुलाखतीत मी प्रमाणपत्रं पुढं केली, ती त्यांनी चाळून बाजूला ठेवली. वही मात्र अर्धा तास वाचली. विचारलं, "या ४० रोपांपैकी २३ मेली, का?" वाळवी लागली होती आणि मी उशिरा पाहिलं होतं. तसंच सांगितलं.

## ९. पुढं रोजगार कुठं

वनरक्षक भरतीला बारावीत विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय लागतो. मैदानी चाचणीत पुरुषांना ५ आणि महिलांना ३ किलोमीटर धावायचं असतं. टेकडीवर काम केलेल्यांना दम कमी पडत नाही, पण लेखी परीक्षेकडं दुर्लक्ष होतं, ते करू नका.

मोजमाप आवडत असेल तर आयटीआयचा सर्व्हेअर किंवा स्थापत्य आरेखकाचा अभ्यासक्रम करा. पाणलोट प्रकल्पांत अशा पोरांना मागणी असते. शेतीकडं ओढा असेल तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीतले पदविका आणि पदवी अभ्यासक्रम बघा. छत्रपती संभाजीनगरला वाल्मी ही पाणी आणि जमीन व्यवस्थापनाची शासकीय संस्था आहे, तिच्या प्रशिक्षणांवर लक्ष ठेवा. गावातच राहायचं असेल तर बचत गटाबरोबर रोपवाटिका हा खरा धंदा आहे, फक्त पहिली मागणी लेखी मिळाल्याशिवाय हजारो पिशव्या भरू नका.

## १०. कधी काय करायचं

दिवाळीनंतर कागदपत्रं नीट करा. जानेवारी-फेब्रुवारीत गावची टेकडी, नाले, विहिरी पायी फिरून बघा आणि कामाची मागणी ग्रामसभेत मांडा. पाडव्यानंतर ऊसतोडीची माणसं परत आली की खोदकाम सुरू करा, हात तेव्हाच मिळतात. रोहिणी निघेपर्यंत चर पूर्ण झाले पाहिजेत. मृगानंतर बी गोळा करा, जुलैत लागवड करा आणि कॉलेजात असाल तर त्याच महिन्यात सेवा योजनेत नाव द्या.

पहिला मोठा पाऊस पडत असताना घरात बसू नका. वीज कडाडत नसेल तर पोतं डोक्यावर घेऊन टेकडीवर जा आणि आपण खणलेल्या चरात पाणी कुठून कुठं सरकतंय ते उभं राहून बघा. घरी आल्यावर ते वहीत लिहा.